मागचा परवा, पुढचा परवा

धानोऱ्याचे गिरधर पाटील, म्हणजे आप्पा, सिनेमा बघायला बसतात तेव्हा त्यांच्या मांडीवर लांबट वही असते, कानावर पेन्सिल असते आणि चेहऱ्यावर संशय असतो. इमारती कोसळोत, गाड्या उडोत, नायक-नायिका एकमेकांच्या गळ्यात पडोत, आप्पांचं लक्ष पडद्यातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. हा किती वाजता आला, किती वाजता गेला, आणि मधल्या वेळात होता कुठे? त्यांच्या पत्नी कौसाबाई बाजूला शेंगा फोडत बसतात आणि दर अर्ध्या तासाने विचारतात, “तुम्ही सिनेमा देखतस का चोर धरतस?” आप्पा उत्तर देत नाहीत. नोंद चालू असताना बोलायचं नाही, हा त्यांचा जुना नियम.

नियम नोकरीतला. आप्पांनी एकतीस वर्षं जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात टाइमकीपरची नोकरी केली. कारखान्याचं नाव मी घेत नाही. पुढे जी चूक यायची आहे ती माणसाची आहे, तिचं ओझं कारखान्याच्या डोक्यावर कशाला? तिथे प्रत्येक कामगाराकडे नंबर कोरलेला पितळी बिल्ला असायचा. फाटकातून आत येताना तो पेटीत टाकायचा, पाळी सुरू झाली की पेटी टाइम ऑफिसात यायची, आणि आप्पा बिल्ले ओळीने मांडून मस्टर भरायचे. बिल्ला पेटीत म्हणजे माणूस कामावर. आता जिथे पेटी आली तिथे लबाडीही आलीच. एकाने आपल्या बिल्ल्याबरोबर मित्राचाही टाकायचा, आणि मित्र घरी ताणून झोपलेला. याला आप्पा ‘डबल हजेरी’ म्हणत. ती पकडण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. बॉयलरवर नाव लागलेला माणूस त्याच वेळी आठवडे बाजारात कांदे निवडताना दिसला, की आप्पा दुसऱ्या दिवशी त्याला नुसतं विचारत, “कांदा कसा व्हता रे?” माणूस तिथेच गार.

मस्टरबद्दल त्यांचं आणखी एक तत्त्व होतं. चुकीची नोंद खोडायची नाही, खरवडायची नाही. तिच्यावर लाल शाईची एक रेघ मारायची, बाजूला खरी नोंद लिहायची आणि सही करायची. चूक वाचता आली पाहिजे, असं ते नव्या कारकुनांना बजावत. आपल्या सहीची लाल रेघ मात्र त्यांना एकतीस वर्षांत फारशी मारावी लागली नाही, आणि हे ते जरा जास्तच वेळा सांगत.

निवृत्त झाल्यावर अशा माणसाने करायचं काय? शेत मुलगा बघतो, पाणी वीज येईल तेव्हा द्यायचं असतं, आणि गावातल्या पारावर बसून कोण कधी आलं-गेलं याची नोंद ठेवली तर लोक मारायला धावतील. पहिली दोन-तीन वर्षं आप्पा अगदी कावून गेले होते. मग नात चेतनाने त्यांना ‘कालकुंजी’ दाखवला.

चेतना नंदुरबारच्या कॉलेजात शिकते. ‘कालकुंजी’ हा परदेशी सिनेमा, हिंदीत आवाज दिलेला, एकूण भाग पाच. त्यात एक किल्ली आहे. ती फिरवली की माणूस मागच्या किंवा पुढच्या काळात जातो. किल्ली एकच, आणि एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. नातीला वाटलं, आजोबा दहा मिनिटांत घोरायला लागतील. आजोबांनी अकराव्या मिनिटाला वही मागितली.

“हाऊ मानूस तीन दिन तठे ऱ्हायना,” आप्पा म्हणाले, “तीन दिननी दाढी वाढनी. आते परत उना तं आठे फक्त एक मिनिट व्हयेल शे. मंग दाढी कोठली धरानी? आठली का तठली?”

“आप्पा, सिनेमा शे तो. सोडी द्या ना.”

“सोडी कसा दिसू? उना तवय दाढी शे, पुढला सीनमा दाढी नई. मजारमा हजामत कोनी कयी?”

चेतना हसून लोळायची राहिली. पण आप्पा गंभीर होते. त्यांनी पाचही भाग पाहिले, पुन्हा पाहिले, आणि सगळ्या पात्रांचं रीतसर मस्टर घातलं. डावीकडे नावं. नावं त्यांनीच ठेवलेली, कारण परदेशी नावं त्यांच्या जिभेवर बसत नव्हती. नायिका म्हणजे लाल कोटवाली, तिचा बाप प्रोफेसर, खलनायक टकल्या. वर तारखा. चौकटीत कोण, कुठे, किती वाजता, आणि किल्ली कुणाकडे. टकल्या आपल्याच आजोबांना मारायला मागे जातो त्या जागी आप्पांनी शेरा मारला होता: ‘आजा मेला तर हा आला कुठून? नेमणूकच रद्द.’ दुसऱ्या भागात लाल कोटवाली मागे जाऊन एक अपघात टाळते आणि जुना काळ साफ नाहीसा होतो, यावर तर ते भलतेच चिडले. हे सरळ ब्लेडने खरवडणं झालं म्हणाले. ज्यांनी तो अपघात पाहिला, जे रडले, त्यांचं रडणं कोणत्या रकान्यात टाकायचं?

चेतनाने एके दिवशी मोबाइल समोर धरला आणि म्हणाली, हेच पुन्हा सांगा. त्यातून ‘आप्पाना मस्टर’ हा चॅनल निघाला. पांढरा सदरा, मांडीवर वही, अहिराणीतून परदेशी सिनेमाची उलटतपासणी. धुळे, जळगाव, शिरपूर, पार सुरतेत गेलेली खान्देशी माणसंसुद्धा बघायला लागली. आप्पांना बाजारात लोक थांबवू लागले. चहा पुढे करून विचारू लागले, “आप्पा, चौथा भागमा काही झोल शे का?” आप्पा मानेनेच हो म्हणत आणि चहा घेत. खोटं कशाला सांगू, म्हातारा सुखात होता. कौसाबाईसुद्धा कॅमेऱ्यामागून सदऱ्याची कॉलर नीट करू लागल्या होत्या.

या चॅनलवरचा पहिला व्हिडिओ मात्र सिनेमाचा नव्हता. ओळख करून द्यायची म्हणून चेतनाने विचारलं होतं, आप्पा, तुम्ही पकडलेली सगळ्यात भारी चोरी सांगा. आप्पांनी लगेच सांगितली, कारण ती ते एकवीस वर्षं सांगत आले होते. एक कामगार होता, म्हणाले, नवापूरकडचा. मंगळवारी कामाला आलाच नव्हता. त्याचा बिल्ला दोस्ताने टाकला आणि मस्टरात हजेरी लागली. पण गुरुवारी बहाद्दराने स्वतःच्या हाताने अर्ज दिला की परवाची सुट्टी मिळावी! गुरुवारचा परवा म्हणजे मंगळवार. ज्या दिवशी हजर आहे त्या दिवसाची सुट्टी मागतो, म्हणजे हजर नव्हताच की! स्वतःच्याच अर्जाने स्वतः अडकला. आप्पांनी कुणाचं नाव घेतलं नाही, तेवढं भान त्यांनी ठेवलं. पण सांगताना मांडीवर थाप मारली, आणि लोकांना ती थाप फार आवडली.

आता तिसऱ्या भागातल्या धरणाबद्दल. आप्पांच्या मते ‘कालकुंजी’तलं सगळ्यात मोठं भगदाड तिथे होतं. बारा तारखेला धरण फुटतं. प्रोफेसर धरणावर आहे, शंभर माणसं त्याला बघतात, आणि किल्ली टकल्याकडे आहे. चौदा तारखेला लाल कोटवालीला बापाच्या कोटाच्या खिशात त्याच दिवशी लिहिलेली एक चिठ्ठी सापडते. ती मोठ्याने वाचते, “परसों. स्टेशन पर.” पुढे चौथ्या भागात प्रोफेसर स्टेशनवर एका माणसाच्या हातात पेटी देताना दिसतो. आप्पांनी हिशेब मांडला, चौदाचा परवा म्हणजे बारा. बारा तारखेला प्रोफेसर धरणावर आणि बारालाच स्टेशनवर, किल्ली हातात नसताना! “डबल हजेरी!” आप्पा कॅमेऱ्यात बघून म्हणाले. “इतला मोठा सिनेमा, आनि टाइमकीपर कोनी ठेया नई.” हा व्हिडिओ सगळ्यांत जास्त चालला.

चार दिवसांनी दुपारी चेतना मोबाइल घेऊन ओट्यावर आली. तळोद्याच्या एका शिक्षिकेने खाली लिहिलं होतं की आप्पा, मी हा सिनेमा इंग्रजीत पाहिला आहे. चिठ्ठीत ‘दोन दिवसांनी’ असं आहे. पुढचा परवा, मागचा नव्हे. प्रोफेसर सोळा तारखेला स्टेशनवर जातो. त्यात काहीच चूक नाही.

चेतनाने सिनेमा लावला, चिठ्ठीवर थांबवला, दोन बोटांनी मोठा केला. आप्पांचं इंग्रजी हजर, गैरहजर, रजा आणि उशिरा एवढ्या चार शब्दांचं. नातीने वाचून दाखवलं. बाई बरोबर होत्या.

“आप्पा, तुम्ही परवा मांगे मोजी लिन्हा,” चेतना हसत म्हणाली. “तो पुढे मोजाना व्हता. बठ्ठा झोल आपलाच निंघना!”

तिला वाटलं, आजोबा वाद घालतील. हिंदीवाल्यांना शिव्या देतील. निदान भाषेला तरी देतील, की मागचा आणि पुढचा या दोघांना एकच शब्द ठेवणारी ही कसली भाषा! आप्पा मात्र उठले, आतल्या खोलीत गेले, लोखंडी पेटी उघडली आणि एक पाकीट काढलं. नोकरीतल्या काही आठवणी त्यांनी जपून ठेवल्या होत्या. त्यात वहीच्या कागदाचा चतकोर होता. शाळेत गिरवलेल्या गोल अक्षरांत एकच ओळ होती, तिच्याखाली नाव होतं आणि तारीख नव्हती. ‘परवाची सुट्टी मिळावी ही विनंती. योहान गावित.’

आप्पांनी वहीचं कोरं पान उघडलं आणि सिनेमाचं घालत तसं मस्टर घातलं. नावं दोनच, योहान गावित आणि दलसिंग. दलसिंग म्हणजे तो दोस्त, ज्याने बिल्ला टाकला असं ठरलं होतं. दोघं एकाच पाळीत, ऊस वाहणाऱ्या एकाच पट्ट्यावर, बिल्ल्यांचे नंबर पाठोपाठचे. मंगळवार, दोघं हजर. बुधवार, हजर. गुरुवार, हजर, अर्ज दिला. शुक्रवार, योहानची आठवड्याची सुट्टी. शनिवार. शनिवारच्या चौकटीत आप्पांनी त्या वेळी ‘गैरहजर’ लिहिलं होतं आणि मनाशी म्हटलं होतं की घाबरून पळाला. आता पेन्सिल त्या चौकटीवर थांबली. गुरुवारचा परवा शनिवार. त्याने शनिवारची सुट्टी मागितली होती आणि तो शनिवारी आला नव्हता. इतकं सरळ होतं. पण कारखान्यात कामगार आधी दांडी मारायचे आणि मग अर्ज द्यायचे, ही रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. सुट्टीच्या आधी अर्ज देणारा माणूस आप्पांना दिसलाच नाही.

चेतना दारात उभी होती. आप्पांना तिला हा घोळ सांगायला पाच मिनिटं लागली.

“मंग तो पहिला व्हिडिओ काढी टाकूत ना आप्पा,” ती हळूच म्हणाली. “कोनले काय समजस?”

“माले समजनं ना.”

खरं म्हणजे आप्पांना एवढ्यावर भागवता आलं असतं. नाव घेतलं नव्हतं, कुणी तक्रार केली नव्हती, एकवीस वर्षं उलटली होती. पण त्या मस्टरात अजून एक दिवस होता ज्याबद्दल त्यांनी नातीलाही सांगितलं नव्हतं, आणि तो शुक्रवार होता. रविवारी योहान कामावर आला तेव्हा फाटकावर, सगळ्या पाळीसमोर, आप्पांनी त्याला थांबवलं होतं. तू मंगळवारी नव्हतास, दलसिंगने तुझा बिल्ला टाकला, तुझ्याच हातचा कागद माझ्याकडे आहे. योहान म्हणाला, मी होतो. आप्पा म्हणाले, दलसिंगने कबूल केलं आहे. योहानने दलसिंगकडे पाहिलं. दलसिंगने खाली पाहिलं. योहानने खिशातून बिल्ला काढला, टेबलावर ठेवला आणि निघून गेला, तो पुन्हा आलाच नाही. कागद दाखवा असंही म्हणाला नाही. आप्पांना तेव्हा तोच पुरावा वाटला होता. आणि दलसिंगने जे कधी केलंच नाही ते कबूल कसं केलं, हे त्या शुक्रवारी टाइम ऑफिसात घडलं होतं.

तीन दिवस आप्पांना जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी कारखान्यातल्या एका जुन्या माणसाकडून दोन गोष्टी मिळवल्या, योहानच्या गावाचं नाव आणि दलसिंगचा नंबर. मग नंदुरबारहून सकाळच्या गाडीने नवापूरला गेले. चेतना बरोबर होती. कौसाबाईंनी जाताना सदरा इस्त्रीचा दिला आणि म्हणाल्या, “जे शे ते सरय सांगी द्या. मजारमा मस्टर काढू नका.”

नवापूरहून रिक्षाने गुजरातच्या अंगाला गेलं की डोंगर जवळ येतात आणि रस्ता चढायला लागतो. योहानचं घर चर्चच्या पुढे, तुरीच्या शेताला लागून. अंगणात शेणाने सारवलेल्या जागेवर तूर वाळत घातली होती, आणि साठीचा एक माणूस काठीने कोंबड्या हाकलत होता. आप्पांनी त्याला ओळखलं. त्यानेही ओळखलं. काठी तशीच हातात धरून तो म्हणाला, “साहेब.” ‘या’ म्हणाला नाही, पण घरातून त्याची बायको हिराबाई पाणी घेऊन आली, तेव्हा खाट ओढून दिली.

आप्पांनी पाणी प्यायल्यावर खिशातला कागद काढून योहानच्या हातात दिला. “हाई तुन्हंच अक्षर शे ना?”

योहानने कागद लांब धरून वाचला. “माझंच आहे. भावाचं लगीन होतं. शनिवारी.”

“मी मंगळवार वाचा.”

योहानला कळेना. आप्पांनी त्याला मागचा परवा आणि पुढचा परवा सांगितला. कौसाबाईंनी बजावूनही वही काढलीच, चौकटी दाखवल्या. योहान लक्ष देऊन ऐकत होता. एकवीस वर्षं तो कोणता कागद असेल याचा विचार करून थकला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सगळं ऐकल्यावर त्याने हिराबाईला त्यांच्या मावची बोलीत काहीतरी सांगितलं. ती कपाळाला हात लावून उंबऱ्यावरच बसली.

“चूक मन्ही व्हती,” आप्पा म्हणाले. “तू हजर व्हता. मी तुले चार लोकसमा खोटा पाडं. माले माफ कर.”

“साहेब,” योहान म्हणाला, “तुमच्यावर माझा राग नव्हता. साहेब लोक चुकतात, त्यांचं ते चालतंच.” चेतनाला हसू आलं आणि तिने ते गिळलं. “शेती होती, शेती केली. पोरं शिकली. मला कारखान्याचं काही वाटत नाही. मला दलसिंगचं वाटतं. त्या मंगळवारी तो माझ्या बाजूला उभा होता. आठ तास. आणि तोच बोलला की मी नव्हतो. का बोलला? मी त्याचं काय केलं होतं? भावाच्या लग्नातून त्याच्यासाठी लाडू बांधून आणले होते, ते रस्त्यात टाकले. त्याच्यानंतर मी त्याचं नाव घेतलं नाही. त्याने दोन वेळा निरोप पाठवला, मी परत लावला.”

आता आप्पांना उठता आलं असतं. माफी मागून झाली होती, ती घेतली गेली होती, आणि दलसिंगचा राग दलसिंगच्या नावावर जमा होता. एकवीस वर्षांपूर्वीचा शुक्रवार फक्त आप्पांना आणि दलसिंगला माहीत होता. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“त्यानी सांगं नई,” ते म्हणाले. “मी त्यानाकडतून सांगाडी लिधं.”

आणि मग सगळं सांगितलं. शुक्रवारी दलसिंगला ऑफिसात बोलावलं. तो म्हणत होता, योहान होता, साहेब, माझ्या संगे होता. तीन वेळा म्हणाला. आप्पा म्हणाले, खोटं बोललास तर दोघंही जाल. कबूल केलंस तर एक मेमो, आणि गोष्ट इथेच मिटेल, योहानलाही काही होणार नाही. कागदावर कबुली आप्पांनीच लिहिली. दलसिंगला तेव्हा दुसरी पोरगी नुकतीच झाली होती, आणि हंगामी कामगाराला ऑफिसातल्या पंख्याखालीसुद्धा घाम फुटतो. त्याने अंगठा दिला. सही येत होती तरी अंगठा दिला. आप्पांना तेव्हा ते विचित्र वाटलं होतं. आज वाटतं, आपलं नाव त्या कागदावर लिहायला त्याचा हात धजला नसेल.

योहान कोंबड्यांकडे बघत राहिला. त्या खुशाल तूर टिपत होत्या, कुणी हाकलत नव्हतं. चेतनाला वाटलं, हा आता आपल्याला बाहेर काढणार. आप्पांनाही तेच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्यात काही गैर वाटलं नसतं.

“तीन वेळा म्हणाला?” योहानने विचारलं.

“तीन वेळा.”

“मी होतो म्हणून?”

“हा. तू व्हता म्हनी.”

योहानने काठी भिंतीला टेकवली. “त्याचा नंबर आहे का?”

आप्पांनी नंबरचा कागद चेतनाला दिला, तिने फोन लावला, आवाज मोठा केला आणि मोबाइल योहानच्या हातात ठेवला. तिकडे घंटी वाजत होती. हिराबाई उंबऱ्यावरून उठून त्याच्याजवळ आली. चौथ्या घंटीला कुणीतरी जाडसर आवाजात हॅलो म्हणालं.

हॅलो, हॅलो, कोण आहे, असं दोनदा झालं. मग योहान बोलला.

“दलसिंग, मी योहान. गावित.”

तिकडे मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालला होता, तो लांब जात गेला.

“साहेब आलेत माझ्या घरी,” योहान म्हणाला. “शुक्रवारचं सांगितलं त्यांनी. मी फक्त एक विचारतो. त्या मंगळवारी आपण संगेच होतो ना?”

“संगेच होतो,” तिकडून आवाज आला, इतक्या झटकन की जणू प्रश्न कालच विचारला होता आणि उत्तर ओठांवर अडलं होतं. “पट्ट्यावर होतो. दुपारी पाइपाच्या सावलीत जेवलो. माझा डबा राहिला होता, मी तुझ्यातलं खाल्लं. नागलीची भाकर होती, आणि सुक्या बोंबलाची चटणी. मीठ जास्त झालं होतं. योहान, मी ते अजून विसरलो नाही रे.”

योहान मटकन खाटेवर बसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसतही होता, आणि ही दोन्ही कामं एकदम करण्याची सवय नसल्यामुळे त्याला ठसका लागला. आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. योहानने तो झटकला नाही.

हिराबाईने त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि तोंडाजवळ धरला.

“दलसिंगभाऊ,” ती म्हणाली, “मीठ बरोबर होतं. तुम्ही घरी या, मी पुन्हा करून दाखवते.”